विश्लेषण : आकाशवाणीची संकेतधून रचणारा पियानोवादक मुंबईत कसा आला? वॉल्टर कॉफमन कोण होते?

तंबोऱ्याचा झंकार, त्यावर व्हायोलिनची छोटीशी, काहीशी उदास सुरावट आणि मग निवेदकाचा आवाज. नाशिकमध्ये आज पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांची शाळेची सकाळ आकाशवाणीच्या या संकेतधुनेनेच उजाडत असे. डबा भरण्याची घाई, बंबातले पाणी आणि कपाटावरचा रेडिओ या आठवणींत ती धून अशी मिसळून गेली आहे, की ती कोणीतरी बसून रचली असेल हे सहसा मनातही येत नाही. तिच्या आधी वा नंतर संगीतकाराचे नाव कधीच सांगितले गेले नाही.

या धुनेचे श्रेय ज्यांना दिले जाते ते वॉल्टर कॉफमन मूळचे मध्य युरोपातले. पियानोवादन, वाद्यवृंद संचालन आणि अध्यापन ही तिन्ही कामे त्यांनी आयुष्यभर सोबतच केली. हिटलर सत्तेवर आल्यानंतरच्या वर्षी ते मुंबईत उतरले आणि १२ वर्षे राहिले. या काळात त्यांनी काय केले, पियानोवादकाने आपली सर्वाधिक ऐकली गेलेली रचना पियानोशिवाय का केली आणि शेवटी ते इथून का गेले, याचा हा वेध.

वॉल्टर कॉफमन कोण होते?

त्यांचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी कार्ल्सबाड येथे झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होते. आज ते चेक प्रजासत्ताकात असून कार्लोवी वारी या नावाने ओळखले जाते. गरम पाण्याचे झरे आणि तिथे येणारे श्रीमंत पाहुणे ही गावाची ओळख. अशा गावात उन्हाळ्यात ऑपेरा आणि वाद्यवृंदाचे कार्यक्रम होत. तरुण कॉफमन यांनी संचालनाचा अनुभव घेतला तो इथे आणि आसपासच्या गावांतल्या अशा हंगामी कार्यक्रमांत.

शिक्षण बर्लिनच्या संगीत विद्यालयात झाले. रचनाशास्त्र शिकवायला फ्रान्झ श्रेकर होते. जगभरच्या वाद्यांच्या वर्गीकरणासाठी आजही ज्यांचे नाव घेतले जाते ते कुर्ट झाक्सही तिथलेच. १९३० मध्ये ते शिक्षण संपवून कॉफमन प्रागच्या जर्मन विद्यापीठात संगीतशास्त्राकडे वळले. गुस्टाव्ह मालर या संगीतकाराच्या सिम्फनींवर त्यांनी प्रबंध लिहिला. मात्र परीक्षक असलेले प्राध्यापक गुस्टाव्ह बेकिंग हे स्थानिक नाझी युवक गटाचे नेते असल्याचे समजल्यावर त्यांच्या हातून डॉक्टरेट घेण्यास कॉफमन यांनी नकार दिला. प्रबंध तयार असताना पदवी सोडून देणे म्हणजे काय, हे पीएचडीच्या तोंडी परीक्षेची वाट पाहणाऱ्या कोणालाही कळेल. ज्यू वंशाच्या माणसाला जर्मन भाषक युरोपात पुढे जागा राहणार नाही, हे तोवर स्पष्ट होऊ लागले होते.

मुंबईच का?

याची दोन कारणे कॉफमन यांच्याच पत्रांतून समजतात. एक अगदी व्यवहारी होते : भारताचा व्हिसा सहज मिळाला. दुसरे कारण कानाशी संबंधित होते. युरोपात त्यांनी भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या तेव्हा त्यांना त्यातले काहीच समजले नव्हते. मात्र त्यांनी संगीताला बोल लावला नाही. लाखो लोक हे ऐकतात, त्यावर प्रेम करतात, तर उणीव आपल्याच कानात असणार आणि ती दूर करायची तर जिथे हे संगीत जन्मले तिथेच जावे लागेल, असा त्यांचा तर्क होता. त्या काळातल्या युरोपीय संगीतकाराकडून हा तर्क अपेक्षित नव्हता.

तिसराही एक धागा होता. चित्रपट दिग्दर्शक मोहन भवनानी यांच्याशी कॉफमन यांची ओळख होती. भवनानी यांनी जर्मनीत चित्रपटाचे तंत्र शिकले होते आणि मुंबईत अजंठा सिनेटोन कंपनीसाठी ते चित्रपट काढत होते. मुन्शी प्रेमचंद यांनी लिहिलेला ‘मजदूर’ हा त्यांचाच. १९३४ च्या सुरुवातीला कॉफमन मुंबईत आले आणि वॉर्डन रोड (आजचा भुलाभाई देसाई मार्ग) परिसरात राहू लागले.

मुंबईत पोट कसे भरले?

पहिले काम त्यांनी स्वतःच निर्माण केले. आल्यानंतर काही महिन्यांतच त्यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ सुरू केली. चेंबर म्युझिक म्हणजे तीन-चार वादकांनी दिवाणखान्यात किंवा छोट्या सभागृहात वाजवायचे संगीत. मैफलीत कॉफमन पियानोवर, मेहली मेहता व्हायोलिनवर आणि एडिजिओ व्हेर्गा चेलोवर. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी कार्यक्रम होत. मे १९३७ पर्यंत या संस्थेने १३६ कार्यक्रम केले होते. तीन वर्षांत आठवडे साधारण १५६. म्हणजे ‘दर आठवड्याला’ हे शब्द पत्रकापुरते नव्हते. पावसाळा धरूनही मैफली फारशा चुकल्या नाहीत.

मेहली मेहता यांचे नाव अनेकांना त्यांच्या मुलामुळे माहीत असते. जगप्रसिद्ध वाद्यवृंद संचालक झुबिन मेहता हे त्यांचे चिरंजीव. त्यांचा जन्म १९३६ चा, म्हणजे या मैफली भरात असतानाचा. मेहली यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा सुरू केला होता. पारशी व्हायोलिनवादक, इटालियन नावाचा चेलोवादक आणि निर्वासित पियानोवादक, हा मेळ त्या काळच्या मुंबईतच जमू शकत होता. त्यात गोव्याहून आलेले वादकही होते. चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचायला शिकलेले हे गोवेकर हॉटेलांच्या बँडमध्ये, मूकपटांच्या थिएटरांत आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवत. ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ हे गाणे संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या अशाच एका गोवेकर व्हायोलिन गुरूंना वाहिलेली दाद होती, हे आता बऱ्यापैकी माहीत झाले आहे.

दुसरे काम रेडिओचे. ८ जून १९३६ रोजी ‘इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’चे नाव ‘ऑल इंडिया रेडिओ’ झाले. कॉफमन मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख झाले आणि १९४६ पर्यंत तिथे होते. या नोकरीत तिन्ही कामे एकाच माणसाकडे होती. कार्यक्रम ठरवायचे, वाद्यवृंदाच्या तालमी घ्यायच्या, छडी हाती घेऊन संचालन करायचे, गरज पडली तर स्वतः पियानोवर बसायचे आणि नवे काही हवे असेल तर तेही लिहायचे. १९३८ मध्ये त्यांचा ‘अनसूया’ हा रेडिओ ऑपेरा मुंबईत सादर झाला. भारतातला तो पहिला रेडिओ ऑपेरा मानला जातो.

तिसरे काम चित्रपटांचे. भवनानी यांच्या चित्रपटांसाठी त्यांनी पार्श्वसंगीत केले. प्रागचे लेखक आणि संपादक विली हास हेही नाझींपासून वाचत मुंबईत आले आणि भवनानींसाठी पटकथा लिहू लागले. चौथे काम शिकवण्याचे, ज्यात सोफिया महाविद्यालयातल्या व्याख्यानांचाही समावेश होता.

पियानोवादकाला इतकी कामे का करावी लागतात?

यामागे कारण वाद्याचे आहे, तसे अर्थकारणाचेही.

मैफलीचा मोठा पियानो सुमारे नऊ फूट लांब आणि जवळपास ५०० किलो वजनाचा असतो. त्यात ८८ पट्ट्या आणि २०० हून अधिक तारा. या सर्व तारांचा मिळून लोखंडी चौकटीवर येणारा ताण साधारण १८ ते २० टन, म्हणजे माल भरलेल्या एखाद्या ट्रकच्या वजनाइतका. हवेतली आर्द्रता बदलली की लाकूड फुगते, आकसते आणि सूर उतरतात. मुंबईच्या पावसाळ्यात पियानो सुरात ठेवणे ही स्वतंत्र कारागिरी आहे. सतारिया सतार घेऊन रेल्वेत बसतो, तबलजी तबला-डग्गा खांद्याला अडकवतो, पेटीवाला पेटी उचलून नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरतो. पियानोवादकाला ती सोय नाही. जिथे चांगला पियानो आहे तिथेच त्याची मैफल होते. त्यामुळे तो सभागृह, रेडिओ केंद्र, विद्यालय अशा संस्थांना इतर वादकांपेक्षा अधिक बांधलेला असतो. संस्थेत राहायचे तर संस्थेची बाकीची कामेही येतात.

दुसरीकडे याच वाद्यामुळे संचालनाचा दरवाजा उघडतो. एसटीतला कंडक्टर आणि वाद्यवृंदाचा कंडक्टर यांत नावाखेरीज साम्य शोधायचेच तर दोघांनाही संपूर्ण गाडीवर नजर ठेवावी लागते, एवढेच. वाद्यवृंदाच्या संहितेत एका पानावर वीस-पंचवीस ओळी एकाखाली एक लिहिलेल्या असतात. बासरीची वेगळी, ट्रम्पेटची वेगळी, व्हायोलिनच्या दोन तुकड्यांच्या दोन. व्हायोलिनवादक लहानपणापासून एकच ओळ वाचतो. पियानोवादक दोन्ही हातांच्या दोन ओळी आणि त्यातले पाच-सहा स्वर एकाच वेळी वाचायला शिकतो. त्यामुळे ऑपेराच्या तालमींत पूर्ण वाद्यवृंद बोलावणे परवडत नाही तेव्हा एक पियानोवादक बसवतात आणि तो साऱ्या वाद्यवृंदाचे संगीत दहा बोटांत गोळा करून गायकांना साथ देतो. विसाव्या शतकातले अनेक मोठे संचालक याच खुर्चीवरून उठून पुढे छडीपर्यंत पोहोचले.

जॉर्ज शोल्टी हे त्याचे बोलके उदाहरण. बुडापेस्टच्या ऑपेरात ते अशा तालमी घेत. ज्यू असल्याने त्यांना हंगेरी सोडावे लागले. युद्धकाळात स्वित्झर्लंडमध्ये त्यांना संचालनाचे काम मिळेना, तेव्हा पियानोने त्यांना जगवले. १९४२ मध्ये त्यांनी जिनिव्हाची पियानो स्पर्धा जिंकली आणि युद्ध संपताच ते म्युनिकमध्ये संचालनाकडे परतले. डॅनियल बॅरनबॉइम यांनी १९५० मध्ये सातव्या वर्षी पियानोवादक म्हणून पहिली जाहीर मैफल केली. पुढे ते संचालक झाले आणि १९९९ मध्ये एडवर्ड सईद यांच्यासह अरब आणि इस्रायली तरुण वादकांचा वाद्यवृंद उभा करून शिक्षकही.

हे गणित फक्त पाश्चात्त्य संगीतापुरते नाही आणि नाशिककरांना तर ते जवळचे वाटावे. पं. विष्णू दिगंबर पलुस्कर मैफलीचे गायक होते, काँग्रेसच्या अधिवेशनांत त्यांनी समूहगानही गाऊन घेतले, तरी त्यांची शक्ती खर्च झाली ती शिकवण्यात. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, १९०८ मध्ये मुंबईत. मैफलींतून आलेला पैसा विद्यालयात जात राहिला आणि शेवटी कर्जापायी मुंबईची वास्तू गेली. आयुष्याची अखेरची काही वर्षे त्यांनी नाशिकला पंचवटीत आश्रम करून काढली. त्यांचे पुत्र पं. द. वि. पलुस्कर यांचा जन्म १९२१ मध्ये नाशिकचाच. गायकाला वाद्याचे ओझे नव्हते, तरी संस्थेचे ओझे सुटले नाही.

पियानोवर राग का वाजत नाही?

कॉफमन यांच्या मुंबईतल्या १२ वर्षांचा सर्वात रोचक भाग याच प्रश्नाभोवती आहे.

पियानोत सप्तकाचे १२ समान भाग केलेले असतात. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा सुमारे १.०५९५ पटीने उंच. असे केल्याने कोणत्याही पट्टीपासून सुरुवात केली तरी सूर सारखेच बेसूर आणि सारखेच सुरेल राहतात. युरोपला ते हवे होते, कारण तिथे एकाच रचनेत मूळ पट्टी वारंवार बदलते आणि अनेक स्वर एकत्र वाजतात. त्यासाठी प्रत्येक स्वराने थोडी थोडी तडजोड केली.

आकडे घेऊन पाहू. षड्ज २४० हर्ट्झ धरला तर तंबोऱ्याशी जुळणारा नैसर्गिक शुद्ध गंधार ३०० हर्ट्झवर येतो. पियानोवर तो सुमारे ३०२.४ वर वाजतो, म्हणजे किंचित चढा. कोमल गंधार नैसर्गिक हिशेबाने २८८ हर्ट्झवर, पियानोवर २८५.४ वर, म्हणजे किंचित उतरा. फरक दोन-अडीच हर्ट्झचा आहे. कागदावर तो क्षुल्लक दिसतो, पण तंबोरा अखंड वाजत असताना तयार कानाला तो खटकतो. शिवाय पट्टी दाबली की हातोडी तारेवर पडते आणि सूर तिथेच ठरतो. त्या सुरावरून पुढच्या सुरावर घसरत जायची, म्हणजे मींड घ्यायची, सोय पियानोत नाही. आंदोलन नाही, कणस्वरही पट्टीच्या मर्यादेतच. दरबारीचा गंधार पियानोवर सांगता येतो, लावता येत नाही.

हाच आक्षेप त्या काळात हार्मोनियमवरही घेतला जात होता आणि त्याचे परिणाम फार व्यावहारिक झाले. दिल्लीत ऑल इंडिया रेडिओच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे काम पाहणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी पेटीविरुद्ध लिहिले आणि १९४० मध्ये रेडिओवर पेटीला बंदी आली. ती शिथिल व्हायला १९७१ उजाडले. नाट्यसंगीतात पेटी आणि ऑर्गनवर वाढलेल्या मराठी श्रोत्यांना ही बंदी किती जाचली असेल, हे वेगळे सांगायला नको. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या पेटीवादकाने ‘मानापमान’ला चाली दिल्या, त्याला तेव्हा तीस वर्षे होत आली होती.

कॉफमन यांच्यापुढे तोच पेच होता, फक्त वाद्य अधिक ताठर होते. त्यांनी पियानोवर राग ‘बसवण्याचा’ हट्ट धरला नाही. त्याऐवजी ऐकणे, लिहून घेणे आणि वर्गीकरण करणे हा मार्ग घेतला. शास्त्रीय संगीतापुरतेही ते थांबले नाहीत. मध्य भारतातल्या गोंड आणि बैगा समाजाच्या लोकगीतांवरचा त्यांचा लेख १९४१ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठित संगीत नियतकालिकात प्रसिद्ध झाला. स्वतःच्या रचनांत मात्र त्यांनी भारतीय सुरावटी मोकळेपणाने वापरल्या. ‘भारतीय सिम्फनी’, पियानो आणि छोट्या वाद्यवृंदासाठी ‘नवरत्नम्’ अशा रचनांची नावेच त्याची साक्ष आहेत.

मग संकेतधून कशी घडली?

आता ती धून पुन्हा आठवून पाहावी. खाली तंबोरा. वर व्हायोलिन, जे वाजवणारे मेहली मेहता होते असे मानले जाते. सुरावट शिवरंजनीची : सा, रे, कोमल ग, प, ध. भूपातला शुद्ध गंधार काढून तिथे कोमल ठेवला की शिवरंजनीची चौकट मिळते आणि त्या एका स्वराने सकाळच्या प्रसन्नतेत हुरहुर मिसळते.

ही रचना करणारा माणूस पेशाने पियानोवादक होता आणि तीत पियानो नाही. ज्या वाद्यात पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत, बोट हवे तिथे ठेवता आणि हवे तसे घसरवता येते, ते व्हायोलिन त्यांनी निवडले. तेच वाद्य बेथोव्हेनही वाजवते आणि कर्नाटक संगीतही. तंबोरा ठेवल्यामुळे स्वरांच्या थरांची, म्हणजे हार्मनीची, गरज उरली नाही. पियानोवादकाच्या हाताला जी सवय सर्वात पक्की असते तीच बाजूला ठेवली गेली. दोन वर्षांपूर्वी मुंबईत आलेल्या परदेशी माणसाने रेडिओच्या काही सेकंदांसाठी घेतलेला हा निर्णय पुढे आठ-नऊ दशके टिकला.

श्रेयाबद्दल मतभेद आहेत. काही जण जॉन फोल्ड्स यांचेही नाव घेतात. मात्र फोल्ड्स दिल्ली केंद्रावर १९३७ मध्ये रुजू झाले आणि १९३९ मध्ये कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. धून १९३६ च्या सुमाराची, मेहली मेहता आणि कॉफमन यांची भागीदारी त्याआधीपासूनची आणि दोघेही मुंबईत. त्यामुळे कॉफमन यांच्या बाजूचे पारडे जड आहे.

युद्धकाळात त्यांचे काय झाले?

१९३८ च्या ऑक्टोबरात कार्ल्सबाडसह सुडेटनलँडचा प्रदेश जर्मनीने घेतला. ‘अनसूया’ मुंबईत सादर झाला ते हेच वर्ष. ज्या गावात पहिल्यांदा छडी हाती घेतली ते गावच परत जाण्याजोगे उरले नाही.

कॉफमन यांची पत्नी गेर्टी ही लेखक फ्रान्झ काफ्का यांची भाची, त्यांच्या थोरल्या बहिणीची, एल्ली यांची मुलगी. गेर्टी मुंबईला आल्या म्हणून वाचल्या. एल्ली यांना १९४१ मध्ये पोलंडमधल्या वुच येथील ज्यू वस्तीत पाठवण्यात आले आणि त्या परतल्या नाहीत. काफ्कांच्या तिन्ही बहिणी नाझींच्या हत्याकांडात बळी पडल्या. मुंबईच्या रेडिओवर मोझार्ट वाजत असताना कॉफमन यांच्या घरात युरोपातून पत्र येण्याची, किंवा न येण्याची, वाट पाहिली जात होती.

भारतातही त्या दिवसांत जर्मन बोलणाऱ्यांची स्थिती सोपी नव्हती. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने जर्मन आणि ऑस्ट्रियन पुरुषांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून ताब्यात घेतले. त्यांना आधी अहमदनगरला ठेवण्यात आले, पुढे काहींना नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत आणि नंतर डेहराडूनला. यात नाझी समर्थक होते, तसे नाझींपासून पळून आलेले ज्यूही. कागदावर दोघांचे राष्ट्रीयत्व एकच होते. कॉफमन यांच्याकडे चेकोस्लोव्हाकियाचे नागरिकत्व होते आणि ते रेडिओवर काम करत राहिले.

मुंबई का सोडली आणि पुढे काय केले?

युद्ध संपल्यावर मुंबईतला पाश्चात्त्य संगीताचा छोटा संसार विस्कटू लागला. युरोपीय श्रोते परतू लागले. मेहली मेहता १९४५ मध्ये पुढील शिक्षणासाठी न्यूयॉर्कला गेले. पूर्ण वेळ पगार देणारा व्यावसायिक वाद्यवृंद शहरात नव्हता. १९४६ मध्ये कॉफमन लंडनला गेले आणि बीबीसीसाठी पाहुणे संचालक म्हणून काम केले.

त्यांची पुढची नोकऱ्यांची यादी पाहिली तर तिन्ही पेशे आलटूनपालटून कसे पुढे येतात ते दिसते. १९४७ : कॅनडात हॅलिफॅक्सच्या संगीत विद्यालयात पियानो विभागाचे प्रमुख. १९४८ : नव्यानेच स्थापन झालेल्या विनिपेग सिम्फनी ऑर्केस्ट्राचे संगीत संचालक. तिथे ते जवळपास दशकभर होते. हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत सहज उतरणाऱ्या गावात त्यांनी वाद्यवृंद घडवला. गेर्टींशी विवाह संपुष्टात आल्यानंतर विनिपेगच्याच पियानोवादक फ्रीडा ट्रेपेल यांच्याशी त्यांनी लग्न केले. १९५७ मध्ये ते अमेरिकेत ब्लूमिंग्टन येथील इंडियाना विद्यापीठात संगीतशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९७७ पर्यंत शिकवत राहिले. प्रागमध्ये डॉक्टरेट नाकारलेल्या माणसाने वीस वर्षे विद्यापीठात शिकवले.

मुंबईत कानावर पडलेले सारे इथे ग्रंथरूप झाले. पौर्वात्य स्वरलिपींवरचे पुस्तक १९६७ मध्ये, उत्तर भारतीय रागांवरचे १९६८ मध्ये, दक्षिण भारतीय रागांवरचे १९७६ मध्ये. उत्तर भारतीय रागांवरच्या ग्रंथाला आधार आहे तो दहा थाटांच्या वर्गीकरणाचा. हे वर्गीकरण मांडणारे पं. विष्णू नारायण भातखंडे मुंबईतले वकील, आपली ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ त्यांनी मराठीत लिहिली आणि १९३६ मध्ये, म्हणजे कॉफमन मुंबईत असतानाच, त्यांचे निधन झाले. मराठीतून सुरू झालेली मांडणी अशी एका चेक प्रोफेसरामार्फत अमेरिकेतल्या वर्गापर्यंत गेली.

९ सप्टेंबर १९८४ रोजी कॉफमन यांचे ब्लूमिंग्टनमध्ये निधन झाले.

आज या कारकिर्दीचा संदर्भ काय?

नाशिक, पुणे, नागपूरसारख्या शहरांत कीबोर्ड किंवा डिजिटल पियानो शिकणारी मुले आता नवलाईची नाहीत. लंडनच्या ट्रिनिटी आणि एबीआरएसएम मंडळांच्या आठ ग्रेडच्या परीक्षा भारतातही होतात. प्रश्न आठव्या ग्रेडनंतरचा आहे. मुंबईत २००६ मध्ये ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ उभा राहिला. देशातला व्यावसायिक पाश्चात्त्य वाद्यवृंद म्हणून आजही मुख्यतः त्याचेच नाव घ्यावे लागते आणि वाद्यवृंदात पियानोवादकाला कायमची खुर्ची नसतेच. त्यामुळे इथल्या पियानो शिकलेल्या तरुणाचा उदरनिर्वाह बहुधा शिकवण्या, चर्चमधली साथ, स्टुडिओतले संगीत संयोजन आणि अधूनमधून मैफल असाच विभागलेला असतो. घरच्यांना हे ‘स्थिर करिअर’ वाटत नाही. कॉफमन यांनाही शिक्षण पूर्ण झाल्यापासून विनिपेगची नोकरी लागेपर्यंत १८ वर्षे गेली आणि त्यातली १२ मुंबईत.

त्यांच्या रचना मात्र दीर्घकाळ कोणी वाजवल्या नाहीत. हस्तलिखिते इंडियाना विद्यापीठाच्या ग्रंथालयात होती. नाझी राजवटीमुळे परागंदा झालेल्या संगीतकारांचे काम शोधून वाजवणाऱ्या टोरंटोच्या एआरसी आन्साम्बल या चमूने २०२० मध्ये कॉफमन यांच्या चेंबर रचनांची ध्वनिमुद्रिका काढली. त्यात व्हायोलिन आणि पियानोसाठी लिहिलेले सोनाटा आहेत, तंतुवाद्यांसाठीच्या चौकड्या आहेत. ऑनलाइन त्या सहज ऐकता येतात. मुंबईतल्या गुरुवारच्या मैफलींत पियानोसमोर बसणाऱ्या माणसाचा हात कसा चालत असेल, याचा अंदाज त्या सोनाटांतल्या पियानोवरून येतो.